गणेशखिंडीतून उसाच्या फडावर

सहलीचा निबंध तुम्ही पुष्कळदा लिहिला असेल. 'पहाटे उठलो, गाडीत बसलो, गाणी म्हटली, भेळ खाल्ली...' हो ना? पण जी मुलगी सहलीला आलीच नाही, तिला ती सहल घडवायची झाली तर काय कराल? आमच्या सातवीच्या वर्गाला गेल्या हिवाळ्यात हेच गणित सोडवावं लागलं. ते कसं सोडवलं आणि कुठे चुकलं, ते आज तुम्हाला सांगते.

मी बीड जिल्ह्यातल्या एका डोंगराळ गावात शिक्षिका आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं कुलूपबंद होतात. माणसं ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुलं मागे आजी-आजोबांपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. पण काहींना आईबापांबरोबर जावंच लागतं. आमच्या वर्गातली एक मुलगी अशीच निघाली. धाकट्या भावाला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. वर्गात तिला सगळे 'नकाशावाली' म्हणतात, कारण फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा न बघता काढणारी ती एकटीच!

जाताना ती म्हणाली, "बाई, यंदा पुण्याची सहल हाय ना? मला न्हाई बघायला मिळायची."

मी काय बोलणार? पण वर्गाने ते मनावर घेतलं.

"बाई, आपण व्हिडिओ काढू आणि तिच्या बाबांच्या मोबाईलवर पाठवू," एकजण म्हणाला.

लगेच मागच्या बाकावरून उत्तर आलं, "व्हिडिओत कॅमेरा जिकडे वळंल तिकडंच बघावं लागतं. तिला तर चारी बाजूंना मान वळवून बघायची सवय हाय!"

मुद्दा बिनतोड होता. तिला स्वतः फिरता आलं पाहिजे, आणि मनात आलेलं विचारताही आलं पाहिजे. मग ठरलं! जिथे जाऊ त्या आवाराची मोबाईलवरची सफर करायची आणि सोबत प्रश्नांची उत्तरं देणारा एक यांत्रिक वाटाड्या ठेवायचा. इंग्रजीत अशा बोलक्या यंत्राला 'चॅटबॉट' म्हणतात. मुलांनी आमच्याचं नाव 'वाटाड्या' असंच ठेवलं.

आता ही युक्ती काही आम्ही शोधून काढलेली नाही बरं का! अमेरिकेत एमआयटी नावाची नामवंत संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी १९७८ साली अ‍ॅस्पेन या डोंगरातल्या गावाची अशीच सफर तयार केली होती. मोटारीच्या टपावर चार दिशांना चार कॅमेरे बसवले आणि दर दहा फुटांवर एकेक छायाचित्र घेत सगळे रस्ते पालथे घातले. मग पडद्यावर बोट ठेवून माणूस 'डावीकडे वळ' म्हणाला की डावीकडचा रस्ता दिसायचा. गूगलने २००७ साली असे रस्ते इंटरनेटवर आणले आणि २०२२ पासून पुण्याचे रस्तेही त्यात दिसू लागले.

आमच्याकडे टपावर कॅमेरे लावलेली मोटार कुठली! होता माझा मोबाईल आणि शाळेचा एक संगणक. पण चार दिशा तर आपल्याही मालकीच्या आहेत. नियम केला, की प्रत्येक ठिकाणी एकाच जागी उभं राहायचं, मोबाईल छातीच्या उंचीवर धरायचा आणि चार फोटो काढायचे. समोर, उजवीकडे, मागे, डावीकडे. फोटोत कुणा अनोळखी माणसाचा चेहरा येऊ द्यायचा नाही. आणि ज्याने जे पाहिलं ते त्याने तिथेच वहीत टिपायचं.

जानेवारीत आमची लाल एसटी पुण्याला निघाली. पाहायचं ठिकाण होतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. परवानगीचं पत्र मी आधीच पाठवून ठेवलं होतं.

चला, तुम्हीही या आमच्याबरोबर!

या भागाचं जुनं नाव गणेशखिंड. आवार ४११ एकरांचं. आमचं आख्खं गाव त्यात हरवून जाईल! आत शिरलं की मोठमोठाले वड लागतात. पारंब्या पाहून मुलांचे हात शिवशिवायला लागले, पण लोंबकळायची परवानगी मी काही मागितली नव्हती.

झाडीतून पुढे गेलं की मुख्य इमारत दिसते. दगडी, कमानींची, उंच मनोऱ्याची. ती मुळात विद्यापीठासाठी बांधलेलीच नाही. मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरला पावसाळ्यात राहायला म्हणून सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत १८६४ साली बांधकाम सुरू झालं आणि १८७१ साली ते संपलं. खर्च इतका झाला की त्यावरून बरीच टीकाही झाली. या इमारतीला एक बोगदाही आहे. स्वयंपाकघरातून इमारतीत ये-जा करायला नोकरचाकर तो वापरत, असं सांगतात. आम्ही आत गेलो नाही, पण वर्गाला मनोऱ्यापेक्षा बोगद्याचंच वेड लागलं.

याच वास्तूशी आपल्या इतिहासातलं एक पान जोडलेलं आहे. २२ जून १८९७ च्या रात्री इथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ होता. प्लेगच्या बंदोबस्तात लोकांना छळणारा रँड हा अधिकारी समारंभ आटोपून निघाला आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. हे ऐकताना सगळे असे गप्प झाले, की पारंब्यांचा विषयच संपला.

पुणे विद्यापीठ स्थापन झालं १० फेब्रुवारी १९४९ रोजी. पहिले कुलगुरू होते डॉ. मुकुंदराव जयकर. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं आणि २०२२ साली त्यांचा पुतळा आवारात उभा राहिला. ज्या बाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली आणि त्यापायी अंगावर शेण-चिखल झेलला, त्यांचं नाव आज या गव्हर्नरांच्या वाड्याला! इथे आमच्या मुलींनी चारऐवजी दहा फोटो काढले. मी काही बोलले नाही.

मग आम्ही 'आयुका'त गेलो. ही खगोलशास्त्राची संस्था याच आवारात आहे. १९८८ साली ती स्थापन झाली. पहिले संचालक डॉ. जयंत नारळीकर आणि वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. मधल्या कुंडासारख्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. तिथला फुकोचा लंबकही आम्ही पाहिला. तो आपला सरळ झोके घेत असतो, पण त्याच्याखालची पृथ्वी फिरते, त्यामुळे झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. ध्रुवावर असा लंबक एका दिवसात पूर्ण वळेल. पुण्यात त्याला सुमारे ७५ तास लागतात.

नारळीकर सरांची एक गोष्ट तिथे मुलांना सांगितली. मुलं सही मागायला आली की ते सही देत नसत. म्हणत, "पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर सहीसकट येईल." आणि खरंच उत्तर येई! २०२५ साली सर गेले. पण परतीच्या गाडीत एकजण म्हणाला, "बाई, म्हणजे आपला वाटाड्या बी पोस्टकार्डासारखाच झाला की!" मला ते फार आवडलं.

शाळेत परतल्यावर खरं काम सुरू झालं. एमआयटीनेच २००७ साली मुलांसाठी 'स्क्रॅच' ही फुकट आज्ञावली खुली केली. तीत रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की कार्यक्रम तयार होतो. ठिकाणांचे फोटो त्यात घातले, चार दिशांना चार बाण काढले. बाणावर बोट ठेवलं की फोटो बदलायचा. सफर चार दिवसांत उभी राहिली.

वाटाड्याने मात्र घाम काढला. तो काही खरंच विचार करत नाही. विचारलेल्या वाक्यात ठरावीक शब्द सापडला की त्याला जोडलेलं उत्तर देतो, एवढंच. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी एमआयटीतच केलेली 'एलायझा' अशीच शब्द हुडकून बोलायची. गंमत म्हणजे युक्ती इतकी साधी असूनही लोक तिच्याशी मन मोकळं करायला लागले!

मुलांनी उत्तरांची कार्डं लिहायला घेतली. एकाने शॉर्टकट काढला. घरच्या मोबाईलवरच्या हुशार यंत्रालाच विचारून आला आणि ऐटीत वाचून दाखवलं, "मुख्य इमारत १९४९ साली बांधली." वर्ग ओरडला, "खोटं!" विद्यापीठाचं साल त्या यंत्राने इमारतीला चिकटवलं होतं, तेही अगदी ठासून. मग नियम झाला, की प्रत्येक कार्डाच्या मागे 'हे कुठून कळलं' ते लिहायचं. पाटीवरून, पुस्तकातून की माहिती देणाऱ्या सरांकडून. आणि एक कार्ड सगळ्यांत महत्त्वाचं: 'मला माहीत नाही. वर्गाला विचारून सांगतो.'

रविवारी रात्री दुवा पाठवला. फडावर नेटवर्क धड नसतं. सोमवारी कोपीच्या मागच्या बांधावर चढून नकाशावालीने सफर उघडली. मंगळवारी तिच्या बाबांच्या मोबाईलवरून माझ्या मोबाईलवर तिचा आवाज आला.

"बाई, लई भारी हाय! पण तुमचा वाटाड्या येडा हाय."

तिने विचारलं होतं, 'बोगद्यातून कोण जायचं?' आणि वाटाड्या म्हणाला होता, 'मी वाटाड्या. तुझं स्वागत!'

आम्ही सगळे संगणकाभोवती जमलो. चूक दुहेरी निघाली. 'कोण' शब्द दिसला की आपलं नाव सांग, असं आम्हीच त्याला शिकवलं होतं. दुसरं म्हणजे कार्डावर शब्द होता 'बोगदा' आणि तिने लिहिलं होतं 'बोगद्यातून'. व्याकरणाच्या तासाला 'सामान्यरूप' म्हटलं की जांभया देणारी माझी मुलं त्या दिवशी ताडकन उठली. बोगदा-बोगद्याला, पुतळा-पुतळ्याचा, मनोरा-मनोऱ्यावर. मराठीत शब्द रूप बदलतो आणि यंत्र त्याला ओळखतच नाही! मग शेवटची अक्षरं छाटून 'बोगद', 'पुतळ', 'मनो' असे तुकडे ठेवले. आता तो ओळखायला लागला.

पण तिचा दुसरा प्रश्न व्याकरणाचा नव्हता. तिने विचारलं होतं, 'तिथं शिकणाऱ्या पोरी राहतात कुठं? घरचे फडावर असले तर?'

वाटाड्याने उत्तर दिलं होतं, 'मला माहीत नाही. वर्गाला विचारून सांगतो.'

वर्ग गप्प झाला. आम्ही मनोरा टिपला, लंबक टिपला, वडाच्या पारंब्याही टिपल्या. पण मुली राहतात कुठे, हे पाहायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मला धरून! आम्ही सगळे संध्याकाळी आपापल्या घरी परतणारे. ज्याला घर पाठीवर घेऊन हिंडावं लागतं त्यालाच हा प्रश्न आधी पडतो.

दुसऱ्या दिवशी चौकशी केली. विद्यापीठाच्या आवारात मुलींसाठी वसतिगृहं आहेत. नवं कार्ड लिहिलं: 'वसतिगृहात राहतात. आवारातच आहे. घरचे कुठेही असले तरी मुलगी तिथे राहून शिकू शकते.' मागच्या बाजूला 'कुठून कळलं' तेही लिहिलं. फोटो मात्र आमच्याकडे नव्हता. तिथे एक पांढरी चौकट ठेवली आणि खाली लिहिलं, 'हा फोटो तू काढायचा आहेस.'

तिचं उत्तर आठवडाभर आलं नाही. टोळी दुसऱ्या फडावर हलली होती. मग एका रात्री चार फोटो आले. समोर उभा ऊस. उजवीकडे कोप्यांची रांग. मागे बैलगाडी आणि वाढ्यांचा भारा. डावीकडे पायवाट आणि लांबवर कारखान्याची चिमणी. खाली तिने लिहिलं होतं, 'ही माझी सफर. आता तुम्ही इचारा.'

त्या दिवशी वर्गाने तिला सतरा प्रश्न पाठवले. मोळी किती जड असते? कोपीत पाऊस येतो का? भाऊ दिवसभर काय करतो? तिने सगळ्यांची उत्तरं दिली. एकाला मात्र तिने लिहिलं, 'मला माहीत नाही. आईला इचारून सांगते.'

गुढीपाडव्यानंतर ती परत आली. आता आमच्या संगणकात दोन सफरी आहेत, गणेशखिंडीची आणि फडाची. दुसरीत वाटाड्या नाही. तिथे ती स्वतःच बोलते.

तुमच्या शाळेतही असं एखादं बाक रिकामं असेल, नाही का? कोणी आजारी असेल, कोणी गाव सोडून गेलं असेल. तर मोबाईल घ्या, आवारात एका जागी उभे राहा आणि चार दिशांना वळा. फक्त फोटो काढण्याआधी त्या बाकावरच्या मित्राला एकदा विचारा, "तुला काय बघायचंय?" आम्ही विचारलं नव्हतं. म्हणून ती चौकट अजून पांढरी आहे.