अठ्ठेचाळीस

मी रेल्वेत पी. डब्ल्यू. आय. होतो, म्हणजे रूळ, स्लीपर आणि गँगमन यांतच माझा जन्म गेला. त्यामुळे अमेरिकेतले आमचे चिरंजीव जेव्हा म्हणाले, "बाबा, उद्या तुम्हाला रेल्वेचा जुना पूल दाखवतो," तेव्हा मी रात्रीच बूट पुसून ठेवले.

न्यूयॉर्कच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठी पकिप्सी गाव आहे. तिथला हा पोलादी पूल १८८९ साली सुरू झाला. पाण्यापासून २१२ फूट उंच आणि लांबी सव्वा मैलाहून जास्त! मी मोठ्या उमेदीने वर गेलो अन् पाहतो तो काय, रूळच नाहीत! काँक्रीटचा गुळगुळीत रस्ता, आणि त्यावरून सायकली, बाबागाड्या नि साखळीला बांधलेली कुत्री चाललेली.

"अहो, असं तोंड काय करता? बाग समजून फिरा की!" सौ. म्हणाली.

तिला काय सांगणार? पेन्शनीत गेलेला पूल पाहून पेन्शनराला काय वाटते, ते बायकोला सांगण्यासारखे नसते.

८ मे १९७४ रोजी पुलावर आग लागली आणि गाड्या बंद झाल्या, त्या कायमच्या. पस्तीस वर्षे नुसता सांगाडा उभा होता. शेवटी हौशी लोकांनीच नेटाने खटपट केली आणि ३ ऑक्टोबर २००९ रोजी तो पायी फिरणाऱ्यांसाठी खुला झाला.

एक मात्र कबूल करतो. दादर स्टेशनचा जिना चढताना तीनदा थांबणारी आमची सौ. इथे भराभरा पुढे चालली होती. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून रेल्वेचा पूल शक्य तितका सपाट ठेवतात. त्या जुन्या इंजिनियरांचा हिशेब हिच्या गुडघ्यांच्या कामी आला!

पलीकडचा काठ जवळ आल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, आता इथंच राहा ना." महिन्याभरात हे तिसऱ्यांदा. मी कठड्याला टेकून उभा राहिलो.

एवढ्यात खालून, अगदी पायांखालून, धडधड ऐकू आली. नदीकाठच्या लाइनवर मालगाडी येत होती. नकळत मी डबे मोजू लागलो. क्वार्टरच्या ओट्यावर बसून आम्ही बापलेक असेच मोजायचो. तेव्हा तो चार वर्षांचा होता.

सत्तेचाळीसला माझी नजर चुकली.

"अठ्ठेचाळीस," तो शेजारून म्हणाला.