पाना खाली ठेव

चि. तायडीस,



काल अक्काचा फोन आला. ‘पोरीनं पाना लावून सेल्फ डायरेक्ट केला, एका झटक्यात ट्रॅक्टर चालू!’ हे तिनं इतक्या कौतुकानं सांगितलं की पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. तुझा मेसेज मात्र साळसूद. ‘मामा, चावी फिरवली की नुसतं टक होतं, काय असेल?’ पान्याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

विचारलंस ते आधी सांगतो, म्हणजे रागवायला मी मोकळा. हेडलाइट लाव आणि मग चावी फिरव. दिवे मंदावून विझायला आले तर दोष बॅटरीत, नाहीतर टर्मिनलांत. पांढरी-हिरवी पूड साठली असेल. खायच्या सोड्याच्या गरम पाण्यानं धू, घास, घट्ट आवळ, वरून व्हॅसलिन लाव. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. बॅटरीतून चासीला गेलेली जाड पट्टी असते, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. तिच्या बोल्टाखालचा गंजही खरवड. दिवे जसेच्या तसे राहिले तर सोलेनॉइड किंवा सेल्फचे कार्बन. ते फिटरवर सोड.

तायडे, तुमच्या पिढीला थांबून ऐकायचाच कंटाळा. दादा बांधावर बसून मळणीयंत्राच्या आवाजावरून सांगायचे, पट्टा कुठे घासतोय ते. यंत्र बोलतं गं! सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेटत नाही, हा निराळाच आजार. तेव्हा सायलेन्सरकडे बघ. पांढरा धूर असेल तर डिझेल पोचतंय, जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल येत नाही: टाकी कोरडी पडून हवा धरली असेल, फिल्टर तुंबला असेल, नाहीतर इंजिन बंद करायची दांडी ओढलेलीच असेल. (हसू नकोस. त्या दांडीपायी तुझ्या बापानं भर पेरणीत तालुक्याहून फिटर आणवला होता.) पण तुम्हाला सवड कुठे? वाफसा आला की आधी फोन, मग नवी बॅटरी, मग सोसायटीचं कर्ज. विहिरीवरची मोटर असो की अडलेली गाय, आधी दोन मिनिटं हात मागे बांधून उभं राहावं. निम्मी शेती त्यावर वाचते, असं माझं ठाम मत आहे. तुझी मामी म्हणते, मी फक्त उभाच राहतो. असो.

आता पान्याचं. सेल्फ डायरेक्ट करताना, म्हणजे सोलेनॉइडवर पाना टेकवताना, तू कुठे उभी होतीस? मोठ्या चाकाच्या पुढ्यात. दुसरीकडून पाना पोचतच नाही. क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरू नये म्हणून कंपनीनं जो स्विच दिलाय, तो अशा वेळी कामातूनच जातो. गिअर पडलेला असला तर इंजिन पेटता पेटता ट्रॅक्टर पुढे सरकतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा १६-१७ पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं. म्हणून आपलं ते जुनं इंजिन एकदा पेटलं की बॅटरीची वायर उपटलीस तरी थांबणार नाही. ती दांडी ओढावी लागते, आणि दांडी असते वर, सीटजवळ. तू खाली, चाकापुढे. ‘मी न्यूट्रल बघितलं होतं’ म्हणशील. रोटाव्हेटर जोडलेला, अंधार पडत आलेला, मागून बाप ओरडतोय. अशा घाईत बघितलेलं न्यूट्रल मी धरत नाही.

एअर क्लीनरमध्ये पेट्रोल शिंपडायची युक्ती कुणी सांगितली तर तीही ऐकू नकोस. आणि सेल्फ दहा-पंधरा सेकंदांवर दाबून धरायचा नाही. मध्ये मिनिटभर थांबायचं.

सोलेनॉइडवरचं ते रबरी झाकण कुठे टाकलंस? शोध आणि बसव. सापडलं नाही तर तसं कळव, शनिवारी येताना मी घेऊन येतो. तोवर पेरणी शेजारच्या ट्रॅक्टरनं करून घ्या, भाडं मी देईन. तुझ्या बापाशी मी बोललोय. तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही.

तुझा,
मामा