बाबांचा आवाज आणि संगणकातलं कार्ड

रोवणी आटोपली, पावसानं जरा उघडीप दिली, म्हणून संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर जाऊन बसलो होतो. तिथं नेहमीचा प्रश्न आला.

"गुरुजी, तुमची नात पुन्यात कोनतं काम करते जी?"

"कंप्युटरात बसवायची कार्डं तपासते."

"कोनतं कार्ड? आधारचं का?"

सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येताना वाटलं, आपण बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून व्याकरण समजावलं, आणि आपल्याच नातीचं काम चार माणसांना सांगता येऊ नये? मी मराठीचा बी. ए. विज्ञानाशी माझं नातं आठवीच्या वर्गावर बदली तास घेण्यापुरतंच. तरी नातीनं मागच्या दिवाळीत जे सांगितलं ते मला समजलं, कारण त्यात आमच्या घरातली एक जुनी जखम निघाली. ती शेवटी सांगतो.

तिच्या कार्डाला म्हणतात हाय-स्पीड अ‍ॅनालॉग डेटा अ‍ॅक्विझिशन बोर्ड. नाव लांबलचक, काम एका ओळीचं. बाहेरच्या जगातल्या गोष्टी, म्हणजे आवाज, उष्णता, हृदयाचे ठोके, यंत्राची थरथर, या सलग बदलत असतात. संवेदक त्यांचं विजेच्या दाबात रूपांतर करतो. संगणकाला मात्र आकडे लागतात. हे कार्ड तो दाब ठराविक वेळानं मोजतं आणि आकडा लिहून ठेवतं. पुन्हा मोजतं, पुन्हा लिहितं. बस्स.

"मग यात अवघड काय?" मी विचारलं.

"किती वेळा मोजायचं ते, आजोबा."

तिला मी आमच्या वैनगंगेचं उदाहरण दिलं आणि ते तिला आवडलं. 2020 च्या ऑगस्टअखेरचा पूर आठवा. गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडले होते, आपल्या तालुक्यातही नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं होतं. समजा, नदीच्या पट्टीवरची पातळी कुणी रोज सकाळी एकदाच वाचली असती, तर मध्यरात्री चढलेलं आणि पहाटे उतरू लागलेलं पाणी वहीत आलंच नसतं. वही म्हणाली असती, थोडं वाढलं होतं. पूर यायचा असेल तर तासातासाला वाचावं लागतं. कार्डाचंही तसंच. लहर सेकंदाला जितक्या वेळा वरखाली होते, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं तरच ती खरी पकडली जाते. माणसाच्या कानाला फार तर सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत ऐकू येतं, म्हणून गाण्याच्या सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात. त्या आकड्याचा अर्थ मला सत्तरीत कळला!

कमी वेळा मोजलं तर नुसतं हुकतं असं नाही, खोटं दिसतं. सिनेमात टांगा भरधाव निघाला की चाकं उलटी फिरताना दिसतात ना? कॅमेरा सेकंदाला चोवीसच चित्रं घेतो आणि चाक त्याला फसवतं. कार्डातही जलद लहर अशीच संथ लहरीचं सोंग घेऊन आत शिरते, आणि एकदा शिरली की खरी कोणती, सोंगाडी कोणती, हे ओळखता येत नाही. म्हणून मोजण्याच्या आधीच तिला दारात अडवणारी गाळणी बसवतात.

दुसरी गोष्ट बारकाव्याची. ही तर आम्हा मास्तरांना लगेच पटेल. पेपराला 'बरा, चांगला, उत्तम' असे तीनच शेरे देता आले तर 61 आणि 74 वाला सारखेच. शंभरपैकी गुण दिले की फरक दिसतो. आठ बिटांचं कार्ड दाबाला 256 पायऱ्यांत बसवतं, बारा बिटांचं 4,096 आणि सोळा बिटांचं 65,536 पायऱ्यांत. मग सगळी सोळा बिटांचीच का घेत नाहीत? तर वेग आणि बारकावा एकत्र मिळवणं कठीण. घाईत पेपर तपासणारा परीक्षक अर्ध्या गुणाचा विचार करत बसत नाही, तसंच हे.

हा वेग म्हणजे केवढा, ते खोडदला जाऊन पाहिलं. कोरोनाच्या आधीच्या एका विज्ञान दिनाला नात मला घेऊन गेली होती. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महादुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यांतल्या 14 मधोमध जवळजवळ आणि 16 तीन दिशांना, सुमारे 25 किलोमीटरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी केली. ते 2020 च्या सप्टेंबरात गेले. तबकड्या पत्र्याच्या नाहीत, ताणलेल्या बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. मला तर ती बांबूवर ताणलेल्या जाळ्यासारखीच वाटली. आत जाताना मोबाइल बंद करायला सांगतात, कारण आकाशातून येणाऱ्या त्या क्षीण लहरींपुढे आपला मोबाइल म्हणजे कीर्तनात लावलेला डीजे.

प्रत्येक तबकडीतून दोन, असे 60 सिग्नल काचतंतूंतून मधल्या इमारतीत येतात. तिथं त्यांचे आकडे होतात. सुरुवातीला हे काम खास घडवलेल्या यंत्रणेवर चाले. मग 2010 च्या सुमारास तिथल्या मंडळींनी एक धाडस केलं. बाजारात मिळणारे साधे संगणक घेतले, त्यांत अशी मोजणारी कार्डं बसवली आणि बाकीचं सगळं गणित सॉफ्टवेअरवर सोडलं. 32 मेगाहर्ट्झचा पट्टा पकडायचा म्हणजे दुपटीच्या हिशेबानं सेकंदाला सहा कोटी चाळीस लाखांहून जास्त नमुने, तेही प्रत्येक सिग्नलचे! आणि सगळ्या कार्डांनी एकाच घड्याळाच्या टिकटिकीवर मोजायचं. एक कार्ड जरी मागं राहिलं तरी तीस तबकड्यांचा मेळ बिघडतो. आमच्या दंडारीत एका टिपरीनं ताल सोडला की रिंगण मोडतं, तसं.

पुढे दुर्बीण सुधारली आणि पट्टा 400 मेगाहर्ट्झपर्यंत गेला. म्हणजे सेकंदाला 80 कोटी नमुने. नमुन्याला एक बाइट धरला तर एकच सिग्नल दर सेकंदाला एका सीडीहून जास्त माहिती ओततो. जुन्या संगणकातली पीसीआय खाच सेकंदाला फार तर 133 मेगाबाइट वाहून न्यायची, तिथं हे पाणी मावणार कसं? म्हणून अशा कार्डांवरच एफपीजीए नावाची चिप असते, ती वाटेतच बरंचसं काम उरकते. पुढच्या गणिताला ग्राफिक्स कार्डवाले संगणक असतात. मुलं ज्यावर गेम खेळतात तीच जात! 2023 च्या जूनमध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी अतिसंथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा मिळाल्याचं जाहीर केलं. त्यात खोडदला वर्षानुवर्षं मोजलेल्या आकड्यांचाही वाटा होता. पानठेल्यावर हे सांगायला हवं होतं.

आणखी एक गुण मला फार भावला. काही कार्डं सतत मोजतात, पण ठेवत काहीच नाहीत. स्मृती गोल फिरत असते, नवं आलं की जुनं पुसलं जातं. मात्र ठरलेली घटना घडली, म्हणजे दाब अचानक उसळला, की कार्ड पुसणं थांबवतं. त्यामुळे घटना तर राहतेच, पण तिच्या आधीचे क्षणही राहतात. वीज कोसळण्याच्या आधी काय चाललं होतं ते नंतर पाहता येतं. माणसाला ही सोय नाही. आई गेली त्या दुपारी, तिच्या आदल्या तासात ती माझ्याशी काय बोलली होती, मला आठवत नाही.

आता ती जखम.

माझे बाबा दंडारीत गायचे. दिवाळीनंतर मंडई भरली की आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. 1986 च्या मंडईत मी टेपरेकॉर्डर नेला आणि साठ मिनिटांची एक कॅसेट भरली. बाबांचा आवाज कुठं असेल तर तेवढ्यात. 2007 मध्ये घरात संगणक आला तेव्हा मोठ्या उत्साहानं ती कॅसेट मी त्यात उतरवली, कुणाला न विचारता. वायर दिसली त्या भोकात घातली आणि आवाज जोरात यावा म्हणून सगळं पूर्ण वर केलं. थोडं खरखरतंय, पण टेप जुनी आहे, असं स्वतःला समजावलं. त्याच वर्षी प्लेअरनं टेप गिळली, गुंडाळी झाली. कॉपी आहेच म्हणून मी ती कॅसेट टाकून दिली.

दिवाळीत नातीनं ती फाइल उघडली. पडद्यावर आवाजाचं चित्र आलं. डोंगर असावेत तिथं धानाची बांधी होती, एकदम सपाट.

"आजोबा, तुम्ही माइकच्या भोकात वायर घातली होती का?"

मला काय ठाऊक! मग तिनं समजावलं. माइकचं भोक अगदी क्षीण दाबासाठी असतं, टेपमधून येणारा दाब त्याच्या कैक पट. साउंड कार्ड हेही तिच्या कार्डाचंच धाकटं भावंड. त्याला एक मर्यादा असते. सोळा बिटांत सगळ्यात मोठा आकडा 32,767. आवाज त्याच्या वर गेला की कार्ड तोच आकडा लिहीत राहतं. तिनं मला आकडे दाखवले. 32,767, 32,767, 32,767... जिथं जिथं बाबांनी आवाज चढवला होता तिथं तिथं हाच आकडा.

"हे परत आणता येतं का बेटा?"

"सॉफ्टवेअर अंदाज करून डोंगर काढतं, आजोबा. पण तो त्याचा अंदाज असतो."

ती खोटं बोलली नाही, बरं वाटलं. तिनं करून दाखवलं, खरखर कमी झाली. गाणारा माणूस मात्र दुसराच कुणी वाटला. मी ती फाइल बंद करायला सांगितली.

गंमत अशी की हळू बोललेलं सगळं शाबूत आहे. दोन गाण्यांच्या मध्ये बाबा खोकतात. कुणाला तरी म्हणतात, "पानी दे गा थोडंसं." मग तांब्या ठेवल्याचा आवाज. ते इतकं स्वच्छ आहे की नात म्हणाली, तांब्या पितळेचा होता ना?

पितळेचाच होता.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. त्या मंडईत टेपरेकॉर्डर घेऊन आलेला मी एकटाच नव्हतो. पवनी, वडसा, अर्जुनीकडचे आपले नातेवाईक हे वाचतात. कुणाच्या पेटीत, माळ्यावर 1986 च्या आसपासची मंडईची कॅसेट असेल तर मला फोन करा. कृपा करून ती लावून पाहू नका, जुन्या प्लेअरमध्ये तर मुळीच नको. तशीच ठेवा. नात दिवाळीला येणार आहे, चांगला प्लेअर आणि तिचं एक बाहेरून जोडायचं कार्ड घेऊन. या वेळी वायर तीच लावणार आहे.