हळदीच्या पानातलं फेस्त

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या वेग आवरून धावतात. मला ते बरंच वाटलं. रत्नागिरी सोडल्यापासून खिडकीबाहेर भातखाचरं होती आणि मी निघाले होते तीही भाताच्याच सणाला. गोव्याच्या नाताळचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ; बेबिंक, दोदोल ही नावं सर्वांच्या ओठांवर असतात. पण तिथल्या ख्रिस्ती घरातला मला सर्वांत प्रिय गोड पदार्थ ऑगस्टमध्ये शिजतो.

मडगावहून सासष्टीतल्या एका गावी पोचले. १५ ऑगस्ट हा मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. याच महिन्यात गावोगाव कणसांचं फेस्तही होतं. राय या गावात ते ५ ऑगस्टला असतं. पाद्री शेतात जाऊन नव्या भाताची कणसं कापतात, आशीर्वाद देतात आणि ती लोंबी घरोघर जाते. गोव्यातले हिंदू गणपतीत, नव्याच्या पंचमीला, अशीच कणसं घरी आणतात.

चर्चमधून आल्यावर मी उतरले होते त्या घरच्या आजींनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं. भिजवलेले तांबडे तांदूळ घट्ट वाटलेले. खोबऱ्यात माडाचा काळा गूळ आणि वेलची. ओल्या हळदीच्या पानावर त्या बोटांनी पीठ पातळ पसरत होत्या, मधोमध सारण घालून पान लांबीत दुमडत होत्या. या झाल्या पातोळ्या. भांड्याचं झाकण उचललं आणि हळदीच्या पानाचा वास घरभर पसरला. त्या वासासाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन.

"खा गे बाय, हून हून खा!" पान सोललं तर पातोळीवर शिरांची नक्षी उमटलेली. आधी तांदळाची मऊ, किंचित खारट चव; मागून गुळाची खोल, जराशी धुरकट गोडी. आमच्याकडे नागपंचमीला आई याच करायची. चव ओळखीची होती, फक्त गूळ वेगळा.

इथे मला इतिहास आठवतो. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, काढलेल्या हुकुमनाम्यात दारी तुळस लावण्यावर आणि हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवण्यावरही बंदी होती. चुलीपर्यंत पोचलेल्या त्या सत्तेनंतरही ही पातोळी हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत शिजत राहिली. सण बदलला, देव बदलला; पेरणी, पाऊस आणि परसातली हळद तीच होती. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

दुपारी आजींनी ताटं झाकून शेजारी पाठवली. पहिलं ताट गेलं ते कुंपणापलीकडच्या हिंदू घरात. पानंही त्यांच्याच परसातून आली होती.

बेबिंकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो दिवसेंदिवस टिकतो, खोक्यात बसून दूर जातो. पातोळीचं तसं नाही. दुसऱ्या दिवशी तिचं आवरण कडक होतं, वास उडून जातो. तेव्हा ती खायची तर श्रावणातच जायचं, आणि हॉटेलात न राहता कुणाच्या तरी घरी उतरायचं.