टपावरची नाव

कयाक घेतल्याचं ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी किंमत विचारली. दोघांनी पोहता येतं का ते विचारलं. (येतं.) पण "नेणार कशी?" हे एकानेही विचारलं नाही. आणि मंडळी, या छंदातला निम्मा वेळ ह्याच प्रश्नात जातो. पाण्यात दोन तास, बांधाबांधीत तीन.

माझं आजोळ दिंडोरीचं. नाशिकहून वणीच्या गडावर जाताना लागतं ते, द्राक्षांचं. बऱ्याच जणांना एवढंच माहीत असतं, पण हा खरं तर धरणांचा तालुका. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव, पालखेड... चांगला पाऊस झाला की दिवाळीत ही सगळी तुडुंब दिसतात. मी राहतो पुण्यात आणि पाणी आहे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर. मग नाव गाडीच्या टपावर टाकून न्यायची, दुसरं काय!

कयाक दहा फुटी, प्लास्टिकची, वजन बावीस किलो. म्हणजे जड अजिबात नाही आणि गोची नेमकी तिथेच आहे. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० वरून ८० वर गेलात की चौपट. शाळेतलंच फिजिक्स. वारा नाकाखाली शिरतो आणि अख्खी नाव वर उचलायला बघतो. म्हणून नुसते दोन आडवे पट्टे पुरत नाहीत. नाकाकडून एक आणि शेपटीकडून एक दोरी खाली गाडीला बांधायचीच. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यायचा, नाहीतर संगमनेरपर्यंत डोक्यावर भुंगा गुणगुणतो. मालट्रकवाल्यांचे खटाखट आवळायचे रॅचेट पट्टे नकोत. उन्हात प्लास्टिक मऊ होतं आणि जास्त आवळलं की खड्डा पडतो. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, पॉलिएस्टरची त्या मानाने कमी. आणि निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबून सगळं एकदा हलवून बघायचं. चहा तसाही प्यायचाच असतो.

हे झालं हॅचबॅकचं. यंदा मित्रांच्या डोक्यात कॅम्पर व्हॅन शिरली. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि हल्ली भाड्याने अशा गाड्या मिळतात. आत बेड, ओटा, सिंक, सगळं. झोपायला झकास. पण नावेच्या दृष्टीने? आम्ही बघितलेली गाडी मुळातच नऊ फूट उंच, टपावर एसी आणि सोलर पॅनेल. त्यावर कयाक चढवायची तर शिडी हवी आणि तीन माणसं. आणि मग ती गाडी धरणाकाठच्या गावात शिरणार, जिथे घरापासून खांबापर्यंत विजेची वायर लोंबते आणि लग्नसराईत मांडवाची कमान रस्त्यावरच असते. मी सरळ नको म्हटलं. कॅम्परवाल्याने स्वतःची नाव हवेची किंवा घडीची ठेवावी, बॅगेत भरून पलंगाखाली सरकवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

घडीच्या नावेला हसू नका. जर्मनीत १९०७ पासून योहान क्लेपर अशा नावा बनवून विकत होता आणि लोक त्या रेल्वेने घेऊन नदीवर जात. ऑस्कर स्पेक नावाचा एक बेकार इलेक्ट्रिशियन १९३२ मध्ये अशीच नाव घेऊन डॅन्यूबवर उतरला आणि १९३९ मध्ये थेट ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. वाटेत भारताचा पश्चिम किनारा त्याने वल्हवत पार केला, म्हणजे आपलं कोकणही आलं त्यात! आणि मध्ये युफ्रेटिस नदी गाठायला त्याने नाव चक्क बसने नेली होती.

असो. माझी कडक कयाक आता मामांकडेच असते, द्राक्षाच्या शेडमध्ये क्रेटच्या थप्पीमागे. मी पुण्याहून कशानेही जातो, कॅम्परने गेलो तरी टप रिकामा. घरापासून धरणापर्यंत ती मामांच्या पिकअपमधून जाते. पहिल्या दिवशी मी ती मागच्या हौद्यात आडवी ठेवली, शेपूट फाळक्याबाहेर दीड-दोन फूट, आणि लाल फडकं बांधायला घेतलं. मामांनी हातातून फडकं काढून घेतलं.

"काढ ती खाली. असली गाडी माझ्या दारातून निघायची नाही."

"मामा, चार किलोमीटर तर जायचंय."

"ते पोरगंबी घरापासून चारच किलोमीटरवर होतं."

मग मला आठवलं. वस्तीवरचा एक मुलगा, रात्री मोटरसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकला होता. ट्रॉलीला ना लाईट, ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर आलेला. मामा त्याच्या वडिलांबरोबर सिव्हिलला गेले होते. त्या रात्रीबद्दल ते ह्याच्यापुढे कधी बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही.

कायदाही मामांच्याच बाजूचा आहे बरं का. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, त्यात परवानगीपेक्षा जास्त बाहेर आलेल्या मालाला वीस हजार रुपये दंड आहे, वर माल तिथेच उतरवायचा. पण मामांना कलम-बिलम काही माहीत नाही. त्यांनी नाक केबिनवरच्या लोखंडी फ्रेमवर टेकवलं, शेपूट फाळक्याच्या आत बसवली, खाली गोणपाट घातलं, द्राक्षाचे क्रेट बांधायची दोरी काढली आणि तीन वेढ्यांत काम संपवलं. मग मला रस्त्यावर पन्नास पावलं मागे पाठवून ओरडले, "आता बघ, काय दिसतं?"

"फक्त गाडी दिसते."

"मग चल."

धरणावर आधी विचारायचं: पाटबंधाऱ्याच्या माणसाला, आणि तिथे मासे धरणाऱ्यांनाही, कारण जाळी कुठे लावली आहेत ते त्यांनाच ठाऊक. लाईफ जॅकेट घालायचंच, पोहता येत असलं तरी. आम्ही दोऱ्या सोडत होतो तेव्हा काठावर एक जण आला. स्प्लेंडरवर, खांद्यात ट्रकची फुगवलेली ट्यूब अडकवलेली, मागे बायको जाळं धरून. ट्यूब पाण्यात टाकली, वर फळी ठेवली आणि निघालासुद्धा! माझा अजून दुसरा पट्टा सुटायचा होता.

जाताना ओरडून त्याने सांगितलं, पलीकडच्या बाभळींकडे जाऊ नका, तिकडे जाळी आहेत.