फोटोला काय नेसू?

माघातल्या एका रविवारी बेलापूरजवळच्या आमच्या दिवाळे गावी माहेरी गेले, तर पुढच्या खोलीतल्या पलंगावर कपड्यांचा बाजार मांडलेला. समुद्रनिळा, मोठ्या घेराचा गाऊन. पांढरा लिननचा कुर्ता. हळदी रंगाची शिफॉनची साडी. शेजारी होणाऱ्या जावईबापूंचे दोन शर्ट, कुठल्या कपड्याशी कुठला जातो ते पाहण्यासाठी. माझ्या धाकट्या भावाच्या लेकीचा साखरपुडा ठरला होता आणि त्याआधी दोघांचे फोटो काढायचे होते, तेही बेटावर. तिच्या मैत्रिणींपैकी कुणी मालदीवला जाऊन आली होती, कुणी अंदमानला. हिने घारापुरी निवडली. “आत्या, आपल्या खाडीच्या तोंडाशीच बेट आहे, मग विमान कशाला?” हे तिचं म्हणणं ऐकून मला फार बरं वाटलं.

तिची निवड चालली होती ती मन लावून. ती एकेक कपडा खिडकीशी नेऊन उजेडात धरायची, मोबाइलवर त्याचा फोटो घ्यायची आणि तो खाडीच्या फोटोशेजारी ठेवून बघायची. निळा गाऊन तिनेच बाजूला काढला. मालदीवच्या निळ्याशार पाण्यापुढे तो खुलेल, पण आपल्या खाडीचं पाणी मातकट हिरवं, त्यात तो विझून जातो. इथे हळदी चालतो, डाळिंबी चालतो, मोरपंखीही चालतो. पांढरा कुर्ता कोवळ्या उन्हात छान, पण ऊन चढलं की त्यावरची वीण, घड्या काहीच दिसत नाहीत, नुसता पांढरा डाग उमटतो. बारीक चौकडीचा शर्ट कॅमेऱ्यात लाटांसारखा हलताना दिसतो, म्हणून तोही गेला. बेटावर वारा असतो, तेव्हा ओढणी नको. जेट्टी ओली असते, तेव्हा उंच टाचा नकोत. गुहांच्या वाटेवर माकडं असतात, म्हणून लोंबते कानातले नकोत.

हे सगळं ऐकताना मला माझा साखरपुडा आठवत होता. साल १९८७. त्याच वर्षी घारापुरीच्या लेण्यांचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पण आमच्या घरात त्या वर्षाची मोठी बातमी माझी सोयरीक हीच होती. मी काय नेसणार, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायला हवं असं मलाही वाटलं नव्हतं. साखरपुड्याची साडी मुलाकडून यायची. ताटातला रुमाल बाजूला झाला की तिचा रंग कळायचा. माझी निघाली राणी रंगाची, रुंद जरीच्या काठाची. आत नेऊन बायकांनी ती मला नेसवली आणि मी बाहेर येऊन पाटावर बसले. रंग आवडला का, हा प्रश्न त्या दिवसात कुठेच बसत नव्हता.

फोटो मात्र साखरपुड्याच्याही आधीचा होता, दाखवायचा. तो काढायला आई मला एसटीने पनवेलला घेऊन गेली. आमच्याकडे रेल्वे अजून आली नव्हती. मानखुर्दहून वाशीला लोकल १९९२ साली आली आणि पुढच्या वर्षी बेलापूरला पोचली. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा होता: तळं, चंद्र, दोन हंस. आमच्या दाराशी खरी खाडी होती, तिच्यावर खरा चंद्र उगवायचा, आणि आम्ही रंगवलेल्या पाण्यापुढे उभं राहायला पनवेलपर्यंत गेलो होतो. फोटोग्राफरने मान जरा डावीकडे करायला लावली आणि दोनदा बटण दाबलं. रोलमध्ये फोटो ३६ आणि गिऱ्हाइकं पुष्कळ, त्यामुळे एका मुलीच्या वाट्याला तेवढेच यायचे. आता भाचीचा फोटोग्राफर एका सकाळीत शेकडो फोटो काढणार आणि त्यातले कुठले ठेवायचे ते तीच ठरवणार.

तिच्या हातातली ही निवड मला फार मोलाची वाटते. जुनं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. मुलीच्या अंगावर काय असावं हे मुलीने ठरवावं, आणि ज्याच्याशी लग्न ठरलंय त्याच्याशी मोकळेपणी बोलत ठरवावं, हे आमच्या वेळी नव्हतं. ती फोनवर त्याला विचारत होती, “तुला हा आकाशी आवडेल का?” आणि तो पलीकडून म्हणत होता, “तू हळदी घालणार असशील तर मी बदामी घालतो.” माझ्या नवऱ्याचा आवाज मी लग्नाआधी दोनदाच ऐकला होता.

तारीख मात्र तिची चुकली होती. तिने पौर्णिमेची सकाळ धरली होती. आई कोपऱ्यात बसून ऐकत होती. ब्याऐंशी वर्षांची आमची आई, चाळीस वर्षं टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकलेली. ती म्हणाली, “पुनवंला सकालचं पानी नसतं गो, नुसता चिखल.” मग तिने बोटांवर हिशोब करून दाखवला. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे भरती सव्वाअकराच्या पुढे. सूर्य उगवतो तेव्हा ओहोटी लागलेली, किनाऱ्याला मैलभर काळा गाळ आणि तिवरांची उघडी मुळं. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. कोवळं ऊन आणि भरलं पाणी एकाच वेळी. घड्याळाने शोधलेला मुहूर्त आईने पाण्याने बदलला आणि फोटो दशमीला ठरले.

त्यानंतर भाचीने विचारलं, “आजी, तुझ्या साखरपुड्याचा फोटो आहे?” आईने पेटी उघडायला लावली. साठच्या दशकातला तिचा एकुलता एक फोटो निघाला, काळा-पांढरा, कोपरे झिजलेला. त्यात आई पाचवारी गोल साडीत आहे, खांद्यावर नीट पदर, हातात प्लॅस्टिकची फुलं. ती साडी उसनी होती, हे आईने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मुंबईला नोकरीत असलेल्या नातेवाइकाच्या बायकोची. फोटो काढायचा म्हणजे चांगलं नेसायचं आणि चांगलं म्हणजे आपलं नव्हे, असाच समज होता.

फोटोच्या खाली, कापडाच्या घडीत, तिचं लुगडं होतं. नऊवारी, जांभळ्या अंगाचं, लाल काठाचं. हेच ती रोज नेसायची, आडवं. आडवं म्हणजे पदर खांद्यावर न घेता सगळं कापड कमरेभोवती घट्ट, मागे कासोटा, गुडघ्याच्या वर. वर चोळी आणि खांद्यावरून फडकी. या नेसणीचं कारण होडीत आणि चिखलात आहे. गुडघाभर पाण्यात उतरायचं, ओली जाळी ओढायची, डोक्यावर टोपली घेऊन भराभर चालायचं, तर पायात घोळणारं कापड चालत नाही. मापून, झिजवून, पिढ्यांनी ठरवलेली ही नेसण. पण या लुगड्यात आईचा एकही फोटो नाही. चाळीस वर्षं जे अंगावर होतं तेच फोटोत नाही. आधी शाळा, मग कचेऱ्या आल्या. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली, गावांच्या जमिनी गेल्या, शहर आलं. आम्ही मुलींनी लुगडं कधी नेसलंच नाही. आमच्या पिढीला ते मासळीच्या वासाचं वाटलं. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण तसं वाटलं होतं हे खरं आहे.

भाचीने लुगडं उलगडलं आणि बराच वेळ हातात धरून बसली. मग म्हणाली, “आजी, मला हे नेसव. बेटावर मी हेच नेसणार.” भावजय काळजीने म्हणाली, खारं पाणी लागेल, खराब होईल. त्यावर आई म्हणाली, “लुगऱ्याला पान्याचं भ्याव नसतं.”

बाजारात तयार शिवलेला कोळी पोशाख भाड्याने मिळतो. स्नेहसंमेलनात मुलं घालतात तो, इलॅस्टिकचा, आत पाय घातला की झालं. भाचीला तो नको होता. दोन संध्याकाळी आईने तिला नेसायला शिकवलं. निऱ्या कुठे दाबायच्या, कासोटा किती ओढायचा, चालून बघ, खाली बस, ऊठ. मीही तेव्हाच शिकले, साठीला आल्यावर. गाऊन पिशवीत परत गेला. हळदी साडी राहिली, कारण तीही तिला मनापासून आवडली होती. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने आपल्या आजोबांची लाल टोपी शोधून आणली.

दशमीला पहाटे ओळखीच्या होडीतून आम्ही निघालो. दिवाळीत बहिरीदेवाच्या जत्रेला गाव नटतं ते मी लहानपणापासून पाहिलंय, पण आपल्या घरातली मुलगी लुगडं नेसून होडीच्या नाळेवर बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. पाणी भरलेलं होतं. मातकट हिरव्या पाण्यावर जांभळा रंग असा उठून दिसत होता की फोटोग्राफरला काही सांगावं लागलं नाही. घारापुरीच्या किनाऱ्यावर ती पाण्यात गुडघ्यापर्यंत सहज उतरली, कारण ते कापड त्यासाठीच होतं.

मग कॅमेरा खाली ठेवून आम्ही मोठ्या लेण्यात गेलो. तिथे शिवपार्वतीच्या विवाहाचं शिल्प आहे, सहाव्या शतकातलं. शिवाने पार्वतीचा हात धरलाय आणि ती मान किंचित झुकवून उभी आहे. खूप भंगलंय, तरी ती लाजरी मान अजून ओळखू येते. भाची आणि तिचा होणारा नवरा त्याच्यापुढे शांत उभे होते. लग्नाचं चित्र जपून ठेवावं ही माणसाची हौस किती जुनी आहे, ते मला तिथे कळलं. आणि त्या कारागिरांनी पार्वतीला तिच्या काळाचाच साज घातलाय, उसना नाही.

परत आल्यावर भाचीने आणखी एक फोटो काढून घेतला. घराच्या ओट्यावर आई आडवं लुगडं नेसून, फडकी घेऊन बसली आहे. ब्याऐंशी वर्षांत त्या कापडातला हा तिचा पहिला फोटो. तो आता भिंतीवर आहे, उसन्या साडीतल्या फोटोशेजारी.

तुमच्या घरात कुणाचे असे फोटो ठरले असतील, समुद्रावर, डोंगरावर, शेतात कुठेही, तर नवे कपडे जरूर घ्या, आवडीने घ्या. पण बॅग भरण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईची पेटी उघडा. तिला नेसवायला सांगा. आणि पहिला फोटो तिचा काढा.