माझ्या बीएडच्या फीची झाडं

गेल्या महिन्यात धाकट्या भावाचा फोन आला. "आपा, लाकूडवाला रान बघून गेलाय. भाव बरा देतोय. तुझी सही लागेल."

अब्बांच्या इंतकालनंतर सातबाऱ्यावर आम्हा चौघा भावंडांची नावं लागली. मुलींचा हिस्सा राहिला तर कयामतच्या दिवशी मला जाब द्यावा लागेल, असं म्हणत अम्मीने आम्हा दोघी बहिणींची नावं आग्रहाने लावून घेतली होती. त्यामुळे वरच्या डोंगरातल्या सहा एकर रानातली झाडं माझ्या सहीशिवाय तोडता येत नाहीत. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा, मधेच एखादा जुना आंबा, असं मिसळीचं रान आहे.

भाऊ हावरट नाही. त्याचं चिपळूणच्या बाजारात चपलांचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते छतापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे चिखल काढायला गेलो होतो. खोक्यांचा लगदा झाला होता आणि प्रत्येक चपलेत लाल माती भरली होती. त्या दुकानाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. ते फेडायला त्याला झाडं विकायची आहेत.

मी लगेच नाही म्हणू शकले नाही. त्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. खालच्या अंगाचं रान वीस-बावीस वर्षांपूर्वी तुटलं, ते माझ्यासाठी. मला बीएडला प्रवेश मिळाला होता. फी, हॉस्टेल, पुस्तकं, एवढे पैसे अब्बांकडे नव्हते. आठ दिवस कुऱ्हाडी चालल्या आणि मी शिक्षिका झाले. आज उर्दू शाळेत मुलांना मराठी शिकवते, त्यात त्या लाकडांचे पैसे आहेत.

नुसती तोड झाली असती तर एक वेळ चाललं असतं. ऐन-किंजळाच्या खुंटांना पुन्हा फुटवे येतात आणि मुळं जमिनीत जिवंत राहतात. पण मोकळी जागा बघून कुणीतरी काजू लावायचं सुचवलं. खुंट उपटले, पातेरा जाळला, उतार साफ केला. त्याच उताराखाली आमचा झरा होता. आजी त्याच्या पन्हळीखाली बसून वजू करायची. मे महिन्यातही धार असायची. पाचेक वर्षांत ती मार्चमध्येच आटू लागली. पावसाळ्यात मात्र शेजारचा पऱ्या लालभडक होऊन धावायचा. त्या वेळी या दोन गोष्टींची सांगड आम्ही कुणी घातली नाही. पाऊस कमी झाला, जमाना बदलला, असं म्हणत राहिलो.

सांगड घातली ती माझ्या वर्गातल्या एका मुलीने. पुरानंतर शाळा सुरू झाली तेव्हा मी मुलांना पुरावर निबंध लिहायला सांगितला. तिने लिहिलं होतं, "नदीत जागा उरली नाही म्हणून पाणी आमच्या घरात आलं." मी ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, नदीतली जागा कुणी घेतली?"

मी भाषेची शिक्षिका. उत्तर द्यायचं म्हणून वाचू लागले. मग एके दिवशी दोन घमेली घेऊन वर्गात गेले. दोन्हींना एका कडेला भोक पाडलेलं होतं. एकात नुसती माती, दुसऱ्यात रानातली माती आणि वर पातेरा. दोन्ही तिरकी ठेवून झारीने सारखंच पाणी घातलं. पहिल्यातून लगेच लाल पाणी आलं. दुसऱ्यातून उशिरा आलं, थोडं आलं आणि बरंच स्वच्छ आलं.

रानात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. पावसाचा मार आधी पानांवर बसतो, मग पातेऱ्यावर, म्हणून माती फुटत नाही. मुळं, गांडुळं, वाळवी यांनी केलेल्या वाटांनी पाणी आत उतरतं आणि खाली सावकाश झिरपत झऱ्याला मिळतं. उघड्या उतारावर थेंबांच्या माराने मातीची छिद्रं बुजतात. पाणी वरूनच पळतं आणि जाताना माती घेऊन जातं. ती माती पऱ्यातून वाशिष्ठीत जाऊन बसते. मुलांच्या प्रश्नाचं एक उत्तर हे होतं. नदीतली थोडी जागा आमच्या डोंगराने घेतली होती.

थोडी, असं मी मुद्दाम म्हणते. चिपळूणच्या पुराला एकच कारण नाही. त्या दिवसांत सह्याद्रीवर अफाट पाऊस झाला. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पडला. खाडी जवळ असल्याने भरतीच्या वेळी पाणी तुंबतं. कोयना प्रकल्पात वीज तयार करून झालेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं, त्यावरून किती वाद झाले ते आपण ऐकलेच. शिवाय नदीकाठची बांधकामं. इतक्या पावसात घनदाट जंगलाची मातीही एका टप्प्यावर तुडुंब भरते आणि पुढचं पाणी तीही सोडून देते. रान राखलं असतं तर पूर आलाच नसता, असं सांगणं खोटं ठरेल. पण नेहमीच्या मोठ्या पावसात रान पाण्याचा लोंढा हळू करतं, आणि गाळ तर दर वर्षी रोखतं.

भावाला समजेल असा हिशेब मी मांडला. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण चार लाख लिटर पाणी होतं. सहा एकरांवर चोवीस लाख. आमच्या वाडीत एप्रिलमध्ये दहा हजार लिटरचा टँकर येतो. म्हणजे एका दिवसाच्या जोरदार पावसात २४० टँकर आपल्याच रानावर ओतले जातात. त्यातलं सगळं काही रान साठवत नाही. काही वाहून जातं, काही झाडं पानांवाटे हवेत सोडतात. ती वाफही फुकट जात नाही. सह्याद्रीच्या जंगलातून उठलेली वाफ तामिळनाडूच्या पावसाला हातभार लावते, असं मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. पण जे मातीत उतरतं, ते आपल्याच वाडीचं.

भावाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आपा, तुझी फी झाडांनी भरली. माझं कर्ज कुणी भरायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे घमेल्याचा प्रयोग नव्हता. कोकणातलं बहुतेक रान खासगी आहे, माझ्या भावासारख्यांच्या नावावर आहे. रान राखल्याचा फायदा खालच्या शहराला आणि तोटा एकट्या मालकाला, असं असेल तर तो कुणाच्या तोंडाकडे बघणार? वाहत्या नदीकाठी बसून वजू केला तरी पाणी जपून वापरा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पाणी जिथून येतं ती जागा जपायची, हे मात्र आपल्या जुम्याच्या बयानात क्वचितच येतं.

शेवटी आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. शिक्षकांच्या पतपेढीतून मी कर्ज काढलं आणि त्याचे थकलेले हप्ते भरले. माझ्या बीएडची ती उशिराने भरलेली फी समजते. झऱ्यावरच्या चार एकरांना हात लावायचा नाही. खालच्या दोन एकरांतली निवडक झाडं तोडायची, पण खुंट ठेवायचे, पातेरा जाळायचा नाही, जेसीबी आत घ्यायचा नाही. सही मी एवढ्यालाच केली. लाकूडवाल्याने भाव पाडला आणि भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आमच्या शेजारचा डोंगर मात्र याच हिवाळ्यात बोडका झाला. तिथली मातीही त्याच पऱ्यात येणार आहे. परवा त्या मालकाच्या घरी जाऊन आले. त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय, म्हणाले. मी मुबारकबाद दिली, चहा घेतला आणि खुंट उपटू नका एवढंच सांगून परत आले.